खुर्चीत पेशंट कोसळतो तेव्हा: ‘भूल जास्त झाली’ या शंकेमागचा इतिहास

दातांच्या दवाखान्यात पेशंट कोसळला की बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, ‘भूल जास्त झाली वाटतं.’ घाबरलेल्या डॉक्टरच्या मनातही बहुतेक वेळा तेच येतं. आकडे मात्र वेगळं सांगतात. उत्तर अमेरिकेतल्या दंतवैद्यांना प्रश्नावली पाठवून केलेली दोन सर्वेक्षणं १९८६ आणि १९९३ साली प्रसिद्ध झाली. दुसरं स्टॅन्ली मालामेड या अमेरिकन दंतवैद्यांचं. दोन्ही मिळून ४,३०९ दंतवैद्यांनी दहा वर्षांतल्या ३०,६०८ घटना कळवल्या होत्या. त्यांतल्या १५,४०७ म्हणजे निम्म्याहून अधिक घटना साध्या चक्कर येऊन शुद्ध हरपण्याच्या. छातीत कळ येण्याच्या २,५५२, साखर उतरण्याच्या ८९०, हृदय बंद पडण्याच्या ३३१. भुलीचं औषध खरोखर जास्त झाल्याच्या फक्त २०४.

तरीही ही शंका एवढी पक्की बसली आहे, कारण एके काळी ती खरी होती.

११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी होरेस वेल्स या दंतवैद्यानं नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. ३० सप्टेंबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्यानं ईथर देऊन एबेन फ्रॉस्ट नावाच्या पेशंटचा दात काढला आणि पुढच्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात त्याचा जाहीर प्रयोग केला. आधुनिक भूलशास्त्राची पहिली पावलं दंतवैद्यांनी टाकली याचा या व्यवसायातल्या प्रत्येकाला अभिमान वाटतो, आणि वाटायलाच हवा. पण भूल देणारा आणि दात काढणारा माणूस एकच, पेशंट खुर्चीत ताठ बसलेला, नाडी आणि श्वास बघायला दुसरं कुणी नाही, ही पद्धतही तिथूनच रुळली. तिची किंमत पुढची शंभर-सव्वाशे वर्षं पेशंट मोजत राहिले.

१८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबराच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणलं. २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिल्यावर दोन-तीन मिनिटांत गेली. लंडनच्या जॉन स्नो यांनी असे मृत्यू एकेक करून नोंदवले, त्यांत दात काढायला आलेली माणसंही आहेत. किरकोळ कामासाठी आलेले, तब्येतीनं ठणठणीत पेशंट जातात कसे, यावर वाद पेटला आणि तो थेट आपल्याकडे आला. हैदराबादेत सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानं आणि निजामाच्या पैशानं १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग नेमले गेले. प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनी निष्कर्ष काढला की क्लोरोफॉर्मनं आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. तेव्हा श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची चिंता नको. हा निष्कर्ष अपुरा होता. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं की भूल हलकी असताना अंगात ॲड्रिनलिन (भीती-वेदनेत शरीर सोडतं ते रसायन) उसळलं तर क्लोरोफॉर्ममुळे हृदय नुसतं थरथरत राहतं आणि रक्त पुढे ढकलेनासं होतं. दात काढायला आलेला घाबराघुबरा पेशंट आणि काम झटपट उरकायचं म्हणून दिलेली हलकी भूल, हा मेळ नेमका दंतवैद्याच्या खुर्चीतच जमून येत होता.

नायट्रस ऑक्साइड, म्हणजे ‘गॅस’, तुलनेनं निर्धोक मानला जाई. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दात काढण्यासाठी तो सर्रास दिला जात होता, पेशंटला ताठ बसवूनच. १९५७ साली जेम्स बोर्न या भूलतज्ज्ञांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक लेख लिहिला. मला या साऱ्या इतिहासातला तो सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो. त्यांचा मुद्दा असा: शुद्धीत असलेल्या माणसाला चक्कर आली की तो खाली पडतो, आडवा होतो, डोकं हृदयाच्या पातळीला येतं आणि मेंदूला पुन्हा रक्त मिळतं. पडणं हाच निसर्गाचा उपचार. गॅसखाली असलेल्या पेशंटला चक्कर आली तर ती कुणाला कळत नाही, आणि खुर्ची त्याला पडू देत नाही. तो ताठ बसलेलाच राहतो आणि मेंदू उपाशी राहून निकामी होतो. साधारण त्याच सुमारास पाठ पूर्ण मागे जाणाऱ्या खुर्च्या बाजारात येऊ लागल्या होत्या. त्या आल्या डॉक्टरला बसून, आरामात काम करता यावं म्हणून. पेशंटचा जीव वाचणं हा त्यांचा न ठरवलेला फायदा.

ब्रिटननं पुढे या प्रश्नाचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला. १९९० च्या पॉसविलो समितीच्या अहवालानं दवाखान्यातली संपूर्ण भूल, गुंगी आणि जीवरक्षण यांवर कडक शिफारशी केल्या. तरी मृत्यू पूर्ण थांबेनात, म्हणून २००१ च्या अखेरीस दातांच्या साध्या दवाखान्यात पूर्ण बेशुद्ध करणं तिथं बंदच झालं. ते काम फक्त रुग्णालयात.

आपल्याकडे ज्याला लोक ‘भुलीचं इंजेक्शन’ म्हणतात, त्याची वंशावळ वेगळी आहे. व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये डोळा बधिर करायला कोकेन वापरलं आणि काही महिन्यांतच न्यू यॉर्कच्या हॉलस्टेड आणि हॉल यांनी ते टोचून खालचा जबडा बधिर करून दाखवला. दोघेही कोकेनच्या व्यसनात अडकले. १९०३ च्या सुमारास जर्मनीच्या हाइनरिश ब्राउन यांनी त्यात ॲड्रिनलिन मिसळलं, म्हणजे औषध जागेवर टिकतं आणि रक्तात हळूहळू जातं. १९०५ मध्ये त्यांनीच कोकेनऐवजी प्रोकेन हे बधिर करणारं औषध रुळवलं. प्रोकेनची खरीखुरी ॲलर्जी येणारी माणसं होती. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लॉफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन बनवलं, १९४८ पासून ते विक्रीला आलं आणि ॲलर्जीचा प्रश्न जवळजवळ मिटला. ‘मला भुलीची ॲलर्जी आहे’ असं सांगणाऱ्या पेशंटला खोलात विचारलं तर बहुधा निघतं ते असं: इंजेक्शननंतर छातीत धडधडलं, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली. धडधड ॲड्रिनलिनची, अंधारी भीतीची. तरी त्याचं म्हणणं उडवून लावू नये. नीट विचारावं आणि केसपेपरवर लिहून ठेवावं.

या ॲड्रिनलिनचं भय हृदयरोग्यांच्या बाबतीत अजून आहे. १९५५ साली न्यू यॉर्क हार्ट असोसिएशननं हृदयरोग्याला एका वेळी ०.२ मिलिग्रॅमपर्यंत चालेल असं सांगितलं होतं. नंतर ती मर्यादा ०.०४ पर्यंत खाली आणली गेली. आपल्या नेहमीच्या १:८०,००० च्या (ऐंशी हजार भागांत एक भाग ॲड्रिनलिन) लिग्नोकेनमध्ये ०.०४ मिलिग्रॅम म्हणजे साधारण तीन मिलिलिटर. एका दाढेसाठी ते पुरतं. हृदयरोग्याला ॲड्रिनलिन नसलेली भूल देऊन अर्धवट बधिर दाढ ओढणं जास्त धोक्याचं, कारण वेदनेनं त्याचं शरीर स्वतःच त्याहून कितीतरी जास्त ॲड्रिनलिन सोडतं. लेव्हींच्या प्रयोगांतला धडा इथेही लागू आहे.

औषध रक्तवाहिनीत जातंय का, हे बघण्याची सवयही उशिरा आली. हार्वी कुक यांनी १९१७ मध्ये काचेची कार्ट्रिज, म्हणजे भुलीचं औषध भरलेली नळी, आणली, पण दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का ते पाहता येईल अशा दंत-सिरिंज १९५० च्या दशकात मिळू लागल्या. आपल्याकडे अनेक दवाखान्यांत तीस मिलिलिटरची बाटली आणि साधी डिस्पोजेबल सिरिंज वापरतात. तिच्यात हे सहज जमतं. दट्ट्या किंचित मागे घ्यायचा, सिरिंजमध्ये लाल धागा उतरला तर सुई हलवायची, मग सावकाश सोडायचं. दोन सेकंदांचं काम आहे. गर्दीच्या ओपीडीत नेमकं तेच गाळलं जातं.

हृदय बंद पडल्यावर काय करायचं, याचं उत्तर तर १९६० पर्यंत दवाखान्यांकडे नव्हतंच. त्याआधी छाती उघडून हृदय हातानं दाबावं लागे. पीटर सफार आणि जेम्स एलाम यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तोंडानं श्वास देण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली, आणि जुलै १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या कौवनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छातीवर बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येतं हे प्रसिद्ध केलं. तेव्हापासून दंतवैद्यालाही काही करता येऊ लागलं. पेशंटला खुर्चीतून उचलून खाली ठेवण्यात वेळ दवडू नये. खुर्ची आडवी करून खुर्चीच्या पाठीखाली डॉक्टरचं स्टूल सरकवलं की दाब नीट बसतो.

भारतात हे ज्ञान ज्या चौकटीत आलं ती लहान होती. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात पहिलं दंत महाविद्यालय काढलं, मुंबईत नायरचं १९३३ चं. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानं पदवीधर ‘अ’ भागात आणि अनुभवावर धंदा करणारे ‘ब’ भागात नोंदवले. सारा जोर नोंदणीवर होता, आणि त्या काळी तेच निकडीचं होतं. कोसळलेला पेशंट हा विषय ओरल सर्जरीच्या अभ्यासातला एक धडा म्हणून उरला. परीक्षेत लिहायचा, हातानं करून न पाहिलेला. २०२३ मध्ये संसदेनं राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा करून १९४८ चा कायदा मोडीत काढायचं ठरवलं. नव्या व्यवस्थेत नोंदणी टिकवण्यासाठी जीवरक्षणाचं प्रत्यक्ष प्रशिक्षण सक्तीचं व्हावं, असं माझं ठाम मत आहे.

दरम्यान खुर्चीतला पेशंटही बदलला. त्याला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, तो रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतो. आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग घ्या: दाढ ठणकतेय म्हणून दोन दिवस नीट जेवण नाही, त्यात एकादशी, पण मधुमेहाची गोळी मात्र न चुकता घेतलेली. अशा माणसाची साखर उतरते: घाम फुटतो, हात कापतात, तो विचित्र बोलायला किंवा चिडायला लागतो. भीतीनं चक्कर येणाऱ्याचं रूप थोडं वेगळं असतं: चेहरा पांढुरका, वरच्या ओठावर घामाचे थेंब, जांभई, मंद झालेली नाडी, आडवं करून पाय उचलले की एक-दोन मिनिटांत तो डोळे उघडतो. डोळे उघडले नाहीत तर ती साधी चक्कर नाही असं धरून चालावं. ग्लुकोमीटर लावावा. शुद्ध असेल तर साखर-पाणी द्यावं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये. दम्यानं किंवा हृदयाच्या दुखण्यानं धापणाऱ्याला मात्र आडवं करायचं नाही, बसतंच ठेवायचं.

औषधांच्या डब्यात एव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि डेक्सोना (स्टेरॉइड) जवळजवळ प्रत्येकाकडे असतात. नुसतं अंगाला खाजतंय, चट्टे उठलेत, एवढंच असेल तर एव्हिल पुरते. पण घसा आवळतोय, धाप लागतेय, रक्तदाब कोसळतोय अशी रिॲक्शन असेल तर पहिलं औषध ॲड्रिनलिनच: एकास हजारचं अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, फरक नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. एव्हिल-डेक्सोना शिरेतून देण्यात गेलेली ती पाच मिनिटं परत मिळत नाहीत. सोबत ऑक्सिजनचं भरलेलं सिलिंडर, छातीत कळ आल्यास जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, चावून खायची ॲस्पिरिन, दम्यासाठी सॅल्ब्युटामॉलचा पंप आणि ग्लुकोज एवढं असलं तरी बहुतेक प्रसंग निभावतात.

महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. फोन कुणी करायचा हे आधीच ठरलेलं असावं, आणि ते काम बहुतेक ठिकाणी रिसेप्शनवरच्या ताईंचं असतं. त्यांच्या टेबलावर दवाखान्याचा पूर्ण पत्ता, जवळची खूण, कितवा मजला, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं की नाही, हे कागदावर लिहून चिकटवलेलं असावं. ॲड्रिनलिनच्या ॲम्प्युलची मुदत कधी संपते ती तारीखही त्याच कागदावर लिहावी, म्हणजे ती रोज कुणाच्या तरी नजरेखालून जाते.