पाणी कुठे मुरते? जुन्या एमजीएची घरगुती दुरुस्ती

एखाद्या व्यवहारात काळेबेरे असल्याचा संशय आला की आपण ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे म्हणतो. बेळगावच्या हिंदवाडीतल्या घरामागच्या शेडमध्ये गेली तीन वर्षे १९५८ सालची एक एमजीए गाडी उघडून बसल्यापासून मला हा वाक्प्रचार शब्दशः वापरण्याची सवय लागली आहे. या गाडीत आजवर जे जे बिघाड सापडले, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ पाण्यात निघाले. पत्र्यातले पाणी, पेट्रोलमधले पाणी आणि ब्रेक ऑइलमधले पाणी. तिन्ही ठिकाणी ते वेगवेगळ्या वाटेने शिरते आणि वेगवेगळे रसायनशास्त्र करते.

एमजीए ही दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९५५ ते १९६२ या काळात तयार झाली. एक लाखाहून अधिक गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य परदेशी गेल्या. सुरुवातीच्या एमजीएचे इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे, म्हणजे सिलिंडरच्या ७३.०२५ मिलिमीटर व्यासाचे आणि पिस्टनच्या ८८.९ मिलिमीटर स्ट्रोकचे (वर-खाली धावेचे) आहे. हे आकडे वाचून आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींचे डोळे चमकतात, कारण ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या याच ‘बी-सिरीज’ घराण्यातले १४८९ चे इंजिन आपल्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये कित्येक दशके होते. हेड, कॅमशाफ्ट आणि कार्बोरेटर वेगळे असल्यामुळे प्रत्येक सुटा भाग अदलाबदल करून बसेलच असे नाही. पण ज्याने टॅक्सीची अ‍ॅम्बॅसिडर उघडली आहे, त्याला हे इंजिन परके वाटत नाही. उद्यमबागेत ओतकाम आणि लेथकाम करणारे कारखाने हाकेच्या अंतरावर असल्यामुळे बेळगावात इंजिनाची मला कधीच धास्ती वाटली नाही. धास्ती वाटली ती पत्र्याची.

पहिल्याच दिवशी मी बॉनेटवरचा रंग निरखत उभा असताना पत्र्याचे काम करणारे मिस्त्री म्हणाले, “वरनं काय बघूलासा सर, खाली झोपून बघा की.” ते बरोबर होते. एमजीएची बॉडी वेगळ्या पोलादी चासीवर बसवलेली असते आणि पायाखालची जमीन चक्क प्लायवुडच्या फळ्यांची असते. त्या फळ्या चासीच्या कडेच्या पट्ट्यांवर टेकलेल्या असतात. कापडी टपातून आणि बाजूच्या पडद्यांतून आत आलेले पाणी प्लायवुड पिऊन घेते आणि पोलादाच्या पट्टीवर ओल्या पोटिसासारखे महिनोन्‌महिने धरून ठेवते. मी स्क्रू ड्रायव्हरचे टोक त्या पट्टीला हलकेच लावले, तर ते पापडात बोट जावे तसे आत गेले आणि मुठीभर तपकिरी पापुद्रे माझ्या चष्म्यावर पडले.

गंज म्हणजे लोखंड हवेत सावकाश जळणे, असे आपण शाळेत ढोबळपणे शिकतो. प्रत्यक्षात तो पाण्याच्या थेंबाएवढा एक विजेचा घट असतो. एका जागी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतो. दुसऱ्या जागी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तेच इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्साइड बनतो. लोखंड स्वतः तारेचे काम करते आणि पाणी, विशेषतः क्षार असलेले पाणी, मंडल पूर्ण करते. केंब्रिजचे उलिक इव्हान्स यांनी हे दाखवण्यासाठी केलेला प्रयोग अतिशय देखणा आहे. स्वच्छ पोलादावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि त्यात रंग बदलून क्रिया दाखवणारी दोन दर्शक द्रव्ये मिसळायची. थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी होते आणि मध्यभाग निळा. कडेला हवा सहज पोचते, म्हणून तिथे ऑक्सिजनची क्रिया चालते. मध्यभागी ऑक्सिजन कमी पडतो, आणि लोखंड झिजते ते नेमके तिथे.

गाडी दुरुस्त करणाऱ्याने हा प्रयोग मनावर कोरून ठेवावा, कारण त्यातून निघणारा निष्कर्ष आपल्या अंदाजाच्या उलट आहे. जिथे हवा भरपूर खेळते तो उघडा पत्रा तुलनेने तग धरतो; जिथे दोन पत्रे एकमेकांवर दाबून जोडले आहेत, जिथे चिखल साचून घट्ट झाला आहे, जिथे पुट्टीखाली ओल अडकली आहे, तिथे तो खाल्ला जातो. शिवाय तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो आणि जोड आतून फुगवून पाण्याला नवी वाट करून देतो. म्हणून रंगावर एखादा फोड दिसला की त्याच्या आतल्या बाजूचा पत्रा बहुधा गेलेला असतो. पोलादी पत्र्यावर पुट्टीने बुजवलेला भाग ओळखायला साधे लोहचुंबक पुरते. पुट्टीचा थर जाड असेल तिथे ते धरत नाही.

हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादावर पाण्याचा अदृश्य पापुद्रा टिकू लागतो आणि गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. आमच्या जिल्ह्यात त्यामुळे गाड्यांचे नशीब तालुक्यावर ठरते. खानापूर तालुक्यात कणकुंबीकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा अथणीकडचा शेतकरी आभाळाकडे बघत असतो, आणि बेळगाव शहर या दोहोंच्या मध्ये. जून ते सप्टेंबर शेडमधला आर्द्रतामापक क्वचितच ६० च्या खाली येतो. या काळात मी रंगकाम बंद ठेवतो. मृग लागायच्या आत प्रायमर चढला नाही तर ते काम दिवाळीनंतर.

लहान भागांचा गंज काढायला घासकागदापेक्षा विजेची पद्धत मला अधिक आवडते, कारण ती तोच घट उलटा चालवते. प्लॅस्टिकच्या टबात पाणी घेऊन लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेला भाग तारेने टांगून बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडावा आणि साध्या पोलादाचा एक टाकाऊ तुकडा धन टोकाला जोडावा. दोघांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये. चार्जर सुरू केला की भागाभोवती बारीक बुडबुड्यांची साय धरते. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात. ते गंजाचे पापुद्रे सोडवतात आणि उरलेल्या गंजाचा काही अंश काळ्या, सैल ऑक्साइडमध्ये बदलतो. सकाळी टबावर तपकिरी फेस असतो आणि ब्रशने घासल्यावर खालून राखाडी धातू निघतो. आमच्या दमट हवेत तो तासाभरात पुन्हा तांबूस पडतो, म्हणून पुसून, गरम हवेने वाळवून लगेच प्रायमर लावावा लागतो.

या पद्धतीत तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, कारण त्यातले क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरू शकते. हायड्रोजन ज्वालाग्राही असल्यामुळे टब बंद खोलीत ठेवू नये आणि चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढू नयेत. स्प्रिंगा, स्टिअरिंगचे भाग आणि उच्च ताणाचे बोल्ट यांना या टबात कधीही बुडवू नये. हायड्रोजनचे अणू कठीण पोलादात शिरून ते ठिसूळ करतात, आणि असा बोल्ट तुटतो तेव्हा आधी सूचना देत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे भागही दूर ठेवावेत, सोड्याचे पाणी त्यांना खाते. एमजीएत हे विसरणे सोपे आहे, कारण तिची दारे, बॉनेट आणि डिक्कीचे झाकण यांचा बाहेरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा आहे. जिथे तो पोलादी सांगाड्यावर दुमडला आहे, तिथे ओल आली की दोन धातूंचा निराळाच घट तयार होतो आणि अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडते. चोर्ला घाटाने गोव्याला जाऊन आल्यावर खारी हवा लागलेली गाडी मी गोड्या पाण्याने खालून धुतो ते या जोडांसाठी.

पेट्रोलमधले पाणी हा अलीकडचा प्रश्न आहे आणि त्याचे एक टोक आमच्याच शेतात आहे. बेळगाव जिल्हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा. उसाच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल बनते आणि आता देशभरातल्या पंपांवर सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ऊस उत्पादकाच्या दृष्टीने त्याचे मोल मी नाकारत नाही. माझ्या निम्म्या नातेवाइकांचा ऊस कारखान्याला जातो. पण १९५८ सालच्या गाडीची रबरे, टाकी आणि कार्बोरेटर यांनी असे इंधन कधी पाहिलेले नाही.

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला ९ किलो. २० टक्के मिश्रणासाठी हे प्रमाण सुमारे १३.५ वर येते. कार्बोरेटर मात्र जुन्याच हिशेबाने इंधन सोडतो, त्यामुळे मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, इंजिन अडखळते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अधिक तापतात. एमजीएवर एसयू जातीचे दोन कार्बोरेटर असतात. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. हे स्किनर पादत्राणांचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबातले होते आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये चामड्याचा भाता असे. अथणीच्या चपला वापरणाऱ्या माणसाला ही माहिती उगाचच सुखावते. पुढे भात्याची जागा धातूच्या पिस्टनने घेतली. इंजिन जितकी हवा ओढते तितका तो वर उचलला जातो आणि त्याला लावलेली निमुळती सुई पितळी जेटमधून वर येऊन पेट्रोलची वाट मोठी करते.

या रचनेची खुबी अशी की मिश्रण जाड करायला नवा भाग लागत नाही. जेटखालचा षट्कोनी नट एकेक पैलू फिरवून जेट खाली उतरवला की सुईभोवतीची फट वाढते. इंजिन गरम असताना पिस्टन अगदी किंचित, मिलिमीटरभराहूनही कमी, उचलून बघावा: इंजिनाचा वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण ठीक, वाढलेलाच राहिला तर जाड, आणि इंजिन बंद पडू लागले तर पातळ. माझ्या दोन्ही कार्बोरेटरना काही पैलू खाली उतरवावे लागले, तेव्हा कुठे ते शांत झाले.

टाकीचे गणित निराळे. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते आणि एका मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये विरघळलेले राहते. मर्यादा ओलांडली, किंवा थंडीने ती खाली आली, की पाणी आणि इथेनॉल मिळून एक जड थर वेगळा होतो आणि टाकीच्या तळाशी बसतो. पोलादी टाकी गंजते ती तळाला. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर अर्धी टाकी हा सर्वांत वाईट पर्याय होय, कारण वरच्या मोकळ्या जागेतली दमट हवा रोज आत-बाहेर होते. मी टाकी रिकामी करून वाळवतो, आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या व्हायटॉनच्या घातल्या आहेत. जुन्या नळीचा आतला थर बोटाने चोळल्यावर काजळासारखा हाताला लागला होता.

ब्रेक ऑइल तर मुद्दामच पाणी पिणारे बनवलेले असते. ग्लायकॉल वर्गातला हा द्रव रबरी नळ्यांच्या भिंतींतून झिरपणारी वाफदेखील स्वतःत विरघळवतो, म्हणजे पाण्याचा सुटा थेंब नळीत साचत नाही. पण त्याची किंमत मोजावी लागते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. प्रवाशांसह हजार किलोची गाडी घाटात ५०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ४९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. इतक्या ऊर्जेत पंधरा लिटर पाणी उकळीला येईल. इंजिन आणि हवेचा रोध यांनी काही भार घेतला तरी उरलेली उष्णता ब्रेकच्या ड्रमांत जाते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय तळाला जाऊनही गाडी थांबत नाही. आंबोली घाटात पहिला गिअर बदलायच्या आधी मी हा आकडा आठवतो.

म्हणून दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर, जुने ऑइल काढून टाकायचे. पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे आमच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करायची. मुलगा पेडलवर बसतो आणि मी खाली झोपतो. “दाब” म्हटल्यावर त्याने दाबून धरायचे, मी चाकाजवळचा ऑइल काढायचा निपल सोडायचा, ऑइल बाटलीत आले की निपल आवळायचा आणि मगच “सोड” म्हणायचे. क्रम चुकला तर हवा उलट आत ओढली जाते. गेल्या वेळी पहिल्या चाकातून चहासारखे गढूळ ऑइल आले, त्यामागून दोन बुडबुडे, आणि एकोणिसाव्या दाबाला पारदर्शक नळीतून ते मधाच्या रंगाचे वाहू लागले.