युनिक्स सर्व्हरचे स्थलांतर : आभासी नेटवर्क आणि कंटेनर

जुन्या यंत्रावरची युनिक्स प्रणाली आभासी यंत्रात (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) किंवा कंटेनरमध्ये (त्याच यंत्रावरच्या वेगळ्या कप्प्यात) नेणे आणि तिचे पत्ते, नावे, पोर्ट व परवानग्या नव्या रचनेत बसवणे म्हणजे हे स्थलांतर. फाइली हलवणे हा त्यातला सोपा भाग. काम अडते ते बहुधा नेटवर्कवर.

किनारपट्टीच्या तालुक्यांत हा प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही. खाऱ्या हवेने मेमरीचे आणि कार्डांचे संपर्कबिंदू गंजतात, पावसाळ्यात लाईट सारखी जाते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये शिरले तसे पाणी चढले, तर तळमजल्यावरचा सर्व्हर वाचत नाही. आभासी यंत्राची प्रत मात्र वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावी तयार ठेवता येते.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीतील युनिक्सच्या ‘सीएचरूट’ या सोयीने फाइलींपुरता आडपडदा दिला, नेटवर्क सामाईकच राहिले. २००० मधल्या फ्रीबीएसडी या युनिक्सच्या ‘जेल’ कप्प्यालाही सुरुवातीला यजमानाचाच, म्हणजे त्याला चालवणाऱ्या मूळ यंत्राचाच, नेटवर्क स्टॅक (नेटवर्क हाताळणारी यंत्रणा) वापरावा लागे. सोलारिस १० या युनिक्समधले असेच कप्पे, म्हणजे झोन, २००५ मध्ये आले. लिनक्सच्या २.६.२४ या कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, (२००८) वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसची, म्हणजे प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र नेटवर्क देण्याची, सोय आली आणि २०१३ मध्ये कंटेनर चालवणाऱ्या डॉकरने ती सर्वांच्या हाती दिली.

कंटेनर यजमानाचेच कर्नेल वापरतो. म्हणून सोलारिस, एआयएक्स किंवा एससीओ युनिक्ससाठी बांधलेला प्रोग्रॅम लिनक्स कंटेनरमध्ये चालत नाही. मूळ सोर्स (प्रोग्रॅमचा लिहिलेला कोड) असेल तर तो पुन्हा कंपाइल करावा. स्पार्क प्रोसेसरवरून इंटेलवर येताना बाइटांचा क्रम उलटतो, त्यामुळे डेटाबेसच्या फाइली थेट कॉपी न करता मजकूर स्वरूपात उतरवून पुन्हा भराव्यात. सोर्स नसलेली एससीओवरची प्रणाली अख्खी आभासी यंत्रात ठेवावी आणि तिला ओळखता येईल असे जुन्या पद्धतीचे नेटवर्क कार्ड द्यावे. व्हर्टआयओ या नव्या आभासी कार्डाचा ड्रायव्हर तिच्याकडे नसतो. सगळेच कंटेनरमध्ये कोंबण्याचा हट्ट इथे महागात पडतो.

हलवण्याआधी ‘नेटस्टॅट’ आणि ‘एलसॉफ’ या आदेशांनी कोणता प्रोग्रॅम कोणत्या पोर्टवर (नेटवर्कवरच्या दार-क्रमांकावर) ऐकतो आणि कोण त्याला जोडतो, याची यादी करावी. ही नोंद एका दिवसाची पुरत नाही, महिनाअखेर तीत यायलाच हवी. पतसंस्थेत पासबुक प्रिंटर आणि पिग्मीची यंत्रे सिरियल पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या केबलच्या खाचेवर, असू शकतात, ती ‘नेटस्टॅट’मध्ये दिसतच नाहीत. अशा पोर्टसाठी यजमानाचा सिरियल पोर्ट आभासी यंत्राकडे सोपवावा किंवा सिरियल ते इथरनेट पेटी बसवावी.

पत्त्यांची टक्कर हा नेहमीचा घोळ. डॉकर मुळात १७२.१७.०.०/१६ हा पत्त्यांचा पट्टा घेतो आणि नवे नेटवर्क केले की १७२.१८, १७२.१९ असा पुढे सरकतो. शाखांची जोडणी याच पट्ट्यात असेल, तर यजमान शाखेकडे जाणारे पॅकेट स्वतःच्याच ब्रिजवर (कंटेनरांना जोडणाऱ्या आभासी स्विचवर) टाकतो आणि एखादी शाखा अचानक ‘गायब’ होते. डॉकरच्या डिमनच्या (मागे चालणाऱ्या मुख्य सेवेच्या) सेटिंगमध्ये पत्त्यांचा वेगळा साठा आधीच नेमून द्यावा.

दुसरा घोळ एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा. पीपीपीओई या ब्रॉडबँड जोडणीवर तो १४९२ बाइट असतो, वायरगार्ड या व्हीपीएनच्या बोगद्यात सहसा १४२०, व्हीएक्सलॅन या आभासी नेटवर्कमध्ये ५० बाइट कमी होऊन १४५०. डॉकरचा ब्रिज मात्र १५०० धरून चालतो. वाटेत आयसीएमपी (पॅकेट मोठे झाल्याचे कळवणारे संदेश) अडवलेले असेल तर लॉगिन होते, छोटी चौकशी चालते आणि मोठा अहवाल मागितला की पडदा गोठतो. तपासण्यासाठी पॅकेटचे तुकडे न करण्याच्या अटीवर पिंग करावे : १४६४ बाइटचे जाते आणि १४६५ चे अडते, तर हेडरचे २८ बाइट मिळवून एमटीयू १४९२. मग ब्रिजचा आकडा तेवढा करावा किंवा राउटरवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या मजकुराची मर्यादा) १४५२ ला बांधावा.

पाठवणाऱ्याचा पत्ता बघून परवानगी देणाऱ्या सेवा, म्हणजे एनएफएस (फाइली), एलपीडी (छपाई), जुने आरएसएच (दूरचे आदेश), नॅटमागे, म्हणजे पत्ता बदलणाऱ्या यंत्रणेमागे, गेल्या की बिघडतात. कंटेनरमधून बाहेर पडणारी विनंती यजमानाच्या पत्त्याने पोचते, म्हणून प्रिंट सर्व्हरवरच्या परवानगीच्या यादीत यजमानाचा पत्ता घालावा लागतो. मॅकव्हीलॅन या प्रकारच्या जोडणीने कंटेनरला कार्यालयाच्या नेटवर्कवरच स्वतंत्र पत्ता मिळतो. पण त्यात यजमान आणि कंटेनर एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत. शिवाय यजमान स्वतः व्हीएमवेअरच्या आभासी यंत्रात असेल तर परक्या मॅक पत्त्याची (नेटवर्क कार्डाच्या ओळख-क्रमांकाची) पॅकेट आभासी स्विच टाकून देऊ शकतो. मॅक पत्त्याला बांधलेला सॉफ्टवेअर परवाना असल्यास जुना मॅक आभासी कार्डाला देऊन पाहावा, मात्र जुने यंत्र तेव्हा त्याच नेटवर्कवर नसावे.

बाहेरच्यांसाठी डॉकरने प्रसिद्ध केलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जातो, कारण डॉकर पत्ता आधीच बदलून पॅकेट फॉरवर्ड साखळीत ढकलतो. आडकाठी ‘डॉकर-यूझर’ साखळीतच घालावी.

कंटेनरमध्ये पहिला प्रोसेस ‘इनिट’ (बाकीच्या सेवा सुरू करणारा) नसतो, त्यामुळे क्रॉन (ठरल्या वेळची कामे) आणि सिसलॉग (नोंदी) आपोआप चालत नाहीत. थांबण्याचा सिग्नल झेलला नाही तर डॉकर १० सेकंदांनी प्रोसेस मारतो; डेटाबेससाठी हे धोक्याचे. ही मुदत वाढवावी आणि यूपीएसकडून बॅटरी संपत आल्याचा इशारा यजमानापर्यंत पोचवावा. घड्याळ यजमानच सांभाळतो.

बदलाचा मुहूर्त आंबा कॅनिंगच्या एप्रिल-मेमध्ये, ३१ मार्चच्या आसपास किंवा पावसाळ्यात धरू नये. दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर हा काळ बरा. डीएनएसचा टीटीएल (नाव-पत्त्याची नोंद लक्षात ठेवण्याची मुदत) दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणावा. पत्ता तोच ठेवल्यास अदलाबदलीनंतर पत्ता नव्या मॅकवर आल्याची एआरपी घोषणा पाठवावी, नाहीतर काही राउटर जुना मॅक चार तासांपर्यंत धरून बसतात. कंटेनरच्या इमेज (तयार साचे) ‘डॉकर सेव्ह’ने फाइलीत उतरवून स्थानिक डिस्कवर ठेवाव्यात, फायबर तुटल्यावर त्या बाहेरून ओढता येत नाहीत. जुने यंत्र निदान एक महिनाअखेर पार पडेपर्यंत मोडू नये. बंद यंत्रात दमट हवेने ओल धरते, म्हणून आठवड्यातून एकदा ते नेटवर्क केबल काढूनच चालू करावे.