पब, ब्रिटिश : परंपरा व ऱ्हास

ब्रिटनमधील परवानाधारक सार्वजनिक मद्यगृह. ‘पब्लिक हाऊस’ या नावाचे ‘पब’ हे संक्षिप्त रूप एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. मुंबई-पुण्यात ‘पब’ म्हटले की कर्णकर्कश संगीत आणि नाचाची फरशी डोळ्यांसमोर येते. प्रस्तुत नोंदीतील पब त्याहून वेगळा आहे. परमिट रूम किंवा गुत्ता यांच्याशीही त्याची गल्लत करू नये. पबमध्ये दारू विकत मिळते, परंतु केवळ तिच्यासाठीच कोणी तेथे जातो असे नाही. वस्तीतल्या माणसांनी भेटण्याची, वर्तमानपत्र चाळण्याची, डार्ट्स वा डॉमिनो खेळण्याची, गावच्या क्रिकेट संघाची निवड ठरवण्याची आणि अंत्यविधीनंतर एकत्र बसण्याची ती जागा असते. गिऱ्हाइकाने स्वतः काउंटरपाशी जाऊन पेय घ्यावे, पैसे तेथल्या तेथे द्यावेत आणि सोबत आलेल्यांनी आळीपाळीने सर्वांसाठी मागवावे, असा रिवाज आहे. या आळीपाळीला ‘राउंड’ म्हणतात.

उगम : लोकप्रिय लेखनात पबची वंशावळ थेट रोमन काळातील ‘तबेर्ना’ या रस्त्याकडेच्या दुकानांपर्यंत नेली जाते. ‘टॅव्हर्न’ हा शब्द जुन्या फ्रेंचमार्फत तबेर्नापासूनच आला, हे खरे. मात्र शब्दाची परंपरा टिकली म्हणून संस्थेचीही टिकली असे म्हणता येत नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी रोमन सत्ता ओसरल्यावर ब्रिटनमधील शहरजीवनच विस्कटले. त्या पडझडीतून ही दुकाने अखंड चालत राहिली, असे मानण्यास भक्कम आधार मिळत नाही. त्यापेक्षा अँग्लो-सॅक्सन वस्त्यांमध्ये घरी एल (जवाच्या माल्टपासून आंबवलेले, त्या काळी हॉप्स या कडवट फुलांविना केलेले मद्य) करून शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकण्याची जी चाल होती, तिच्यात पबचे मूळ शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. हे काम मुख्यतः बायका करत. एल तयार झाली की दारावर झाडपाल्याची जुडी बांधलेली काठी लावायची, म्हणजे वाटसरूला कळे. तेराव्या शतकातील पाव व एल यांविषयीच्या राजाज्ञेने (सर्वसाधारणपणे १२६६–६७) किंमत व प्रत यांवर देखरेख आणली. त्यासाठी गावोगावी एल चाखून पाहणारे अधिकारी नेमले जात.

पाट्यांचा उगमही वादग्रस्त आहे. इंग्लंडचा राजा रिचर्ड दुसरा याने १३९३ मध्ये पाटी सक्तीची केली, असे बहुतेक संदर्भग्रंथांत आढळते. त्याचे बोधचिन्ह असलेला ‘व्हाइट हार्ट’ म्हणजे पांढरा सांबर आजही कितीतरी पबांच्या पाट्यांवर दिसतो. मात्र या सक्तीची व्याप्ती लंडन व आसपासच्या परिसराबाहेर कितपत होती, यावर एकमत नाही. ‘रेड लायन’ हे पबांचे अत्यंत प्रचलित नाव. एका मताप्रमाणे ते चौदाव्या शतकातील इंग्लिश राजपुत्र जॉन ऑफ गाँट याच्या चिन्हावरून आले, तर दुसऱ्या मताप्रमाणे १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्या गादीवर आल्यानंतर त्याच्या सिंहचिन्हावरून ते पसरले. नाव इतके विखुरलेले आहे की त्याला एकच उगम असण्याची शक्यता कमी वाटते; स्थानिक जमीनदारांच्या कुलचिन्हांतून ते जागोजागी स्वतंत्रपणे आले असावे. ‘सर्वांत जुना पब’ या दाव्यांबाबतही अशीच सावधगिरी हवी. नॉटिंगहॅम येथील ‘यी ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम’ या पबच्या भिंतीवर ११८९ हे साल रंगवलेले आहे, परंतु सध्याची इमारत त्यानंतर कित्येक शतकांनी उभी राहिली.

विकास व नियंत्रण : प्रवाशांना मुक्कामाची सोय देणारे ‘इन’, वाइन विकणारे ‘टॅव्हर्न’ आणि साधे ‘एलहाऊस’ असे तीन प्रकार मध्ययुगाच्या अखेरीस स्पष्ट दिसतात. १५५२ च्या कायद्याने एलहाऊसला दंडाधिकाऱ्यांचा परवाना आवश्यक ठरला. १५७७ च्या पाहणीत इंग्लंडच्या अनेक परगण्यांत मिळून सुमारे १४ हजार एलहाऊस, १,६०० हून अधिक इन आणि ३०० हून अधिक टॅव्हर्न नोंदले गेले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वस्त जिनने लंडनमध्ये हाहाकार उडवला आणि १७५१ च्या कायद्याने तिला लगाम घातला. जिनच्या तुलनेत बिअर आरोग्याला बरी, ही समजूत इतकी रुजली होती की १८३० च्या बिअरहाऊस कायद्याने दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्याला दंडाधिकाऱ्यांकडे न जाता बिअर विकण्याची मुभा दिली. अवघ्या काही महिन्यांत वीस हजारांहून अधिक नवी दुकाने उघडली. ही मोकळीक १८६९ मध्ये मागे घेण्यात आली.

परवाने मर्यादित झाल्यावर बिअर कारखान्यांनी पबच विकत घेण्याचा सपाटा लावला. अशा पबच्या चालकाला मालकाच्याच कारखान्याची बिअर विकावी लागे. ही ‘बांधील पब’ व्यवस्था पुढील शतकभर ब्रिटिश मद्यव्यवसायाचा कणा होती. आजचा ऱ्हासही तिला बाजूला ठेवून समजत नाही.

पहिल्या महायुद्धाने पबला दिलेले वळण असेच दूरगामी ठरले. दारूगोळा कारखान्यांतील कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून १९१५ मध्ये केंद्रीय नियंत्रण मंडळ स्थापन झाले. मंडळाने उघडण्याचे तास कापले, दुपारी पब बंद ठेवायला लावले आणि अनेक भागांत दुसऱ्यासाठी पेय विकत घेण्यावरही बंदी घातली. थोडक्यात, ‘राउंड’ हा काही काळ गुन्हा होता. ग्रेटना येथील प्रचंड दारूगोळा कारखान्यामुळे कार्लाइल परिसरातील पब व बिअर कारखाने १९१६ मध्ये सरकारने ताब्यात घेतले आणि ते १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत सरकारीच राहिले. दुपारची बंदी इंग्लंड व वेल्समध्ये १९८८ पर्यंत टिकली. वेल्समध्ये १८८१ च्या कायद्याने रविवारी पब बंद असत. पुढे १९६१ पासून जिल्हावार मतदान होऊ लागले आणि ड्वेफोर हा शेवटचा जिल्हा १९९६ मध्ये खुला झाला.

संख्येतील घट : पबांची मोजदाद दिसते तितकी सोपी नाही. जुने आकडे परवान्यांचे आहेत आणि त्यांत हॉटेलेही येतात. बिअर व्यावसायिकांच्या संघटनेचे आकडे संपूर्ण युनायटेड किंग्डमचे आहेत, तर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय व्यवसाय-नोंदणीवरून गणना करते. त्यामुळे २०१८ सालासाठी एकीकडे सुमारे ४७ हजार, तर दुसरीकडे सुमारे ३९ हजार असे आकडे आढळतात. वेगवेगळ्या मालिकांतील आकडे एकमेकांना जोडून आलेख काढण्याची चूक अनेक लेखांत झाली आहे.

ही मर्यादा ध्यानात घेऊनही एकंदर दिशा निर्विवाद आहे. १९०० च्या सुमारास एकट्या इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १ लाख परवाने होते. म्हणजे दर सव्वातीनशे माणसांमागे एक. १९३० च्या दशकात ते ७५ हजारांच्या आसपास आले. १९०४ च्या कायद्यानुसार नुकसानभरपाई देऊन जादा परवाने रद्द करण्याचे धोरणच होते, म्हणजे या घटीचा काही भाग जाणूनबुजून घडवलेला आहे. नंतरची काही दशके संख्या बरीच स्थिर राहिली. सांख्यिकी कार्यालयाच्या मालिकेनुसार २००८ मध्ये सुमारे ५० हजार असलेले पब २०१८ मध्ये ३९ हजारांवर आले. या काळात पबांमधील नोकऱ्या मात्र वाढल्या. छोटे, केवळ पेय विकणारे पब मिटले आणि जेवण देणारे मोठे पब आणखी मोठे झाले, असा याचा अर्थ होतो. २०१९ मध्ये किंचित वाढ झाली. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सर्वच पबांना टाळे लागले आणि त्यानंतर २०२२ पासून वीज-गॅसच्या दरांनी उरलेल्यांना ग्रासले.

कारणमीमांसा : अभ्यासकांचा एक गट मालकीच्या प्रश्नाला अग्रस्थान देतो. १९८९ मध्ये मक्तेदारी आयोगाने सहा मोठ्या बिअर कारखान्यांच्या वर्चस्वावर बोट ठेवले. त्यावरून सरकारने आदेश काढला की २,००० हून अधिक पब असलेल्या कारखान्याने त्यावरील संख्येपैकी निम्मे पब १ नोव्हेंबर १९९२ पर्यंत बंधनमुक्त करावेत आणि बांधील चालकाला बाहेरची एक पिंपातील एल ठेवू द्यावी. हेतू चालकाला मोकळे करण्याचा होता. प्रत्यक्षात कारखान्यांनी पब घाऊक विकले आणि ते ‘पबको’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपन्यांच्या हाती गेले. या कंपन्या बिअर बनवत नसल्याने आदेश त्यांना लागू नव्हता. पंच टॅव्हर्न्स व एंटरप्राइज इन्स या दोघींकडे २००० च्या दशकाच्या मध्यास मिळून १५ हजारांहून अधिक पब होते आणि ते बव्हंशी कर्ज काढून घेतलेले होते. चालकाला जागेचे ‘कोरडे’ भाडे द्यावे लागे आणि बाजारभावाहून महाग बिअर घ्यावी लागल्याने ‘ओले’ भाडेही पडे. विक्री घटली तेव्हा कंपनीच्या कर्जाचा भार शेवटी याच चालक कुटुंबांच्या पाठीवर आला. ५०० वा अधिक बांधील पब असलेल्या कंपन्यांसाठी इंग्लंड-वेल्समध्ये २०१६ पासून पब-संहिता लागू झाली. ती आणखी पंधरा वर्षे आधी यायला हवी होती.

दुसरे मत कायदे व कर यांवर भर देते. मद्य पिऊन वाहन चालवणाऱ्यांची श्वासचाचणी ऑक्टोबर १९६७ पासून सुरू झाली आणि आडरानातल्या पबची गिऱ्हाइके रोडावली. धूम्रपानबंदी स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ मध्ये, तर इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ रोजी आली. बिअरवरील अबकारी कर २००८ ते २०१३ दरम्यान महागाईपेक्षा २ टक्के अधिक वेगाने वाढवला गेला. धूम्रपानबंदीला वृत्तपत्रांतून बरेच महत्त्व मिळाले. ती २००८ च्या मंदीला अगदी खेटून आली असल्याने दोहोंचा परिणाम वेगळा काढणे कठीण आहे.

तथापि सर्वांत खोलवरचा बदल बिअर घरी गेली हाच मानावा लागतो. १९७० च्या सुमारास ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या दर दहा पाइंटांपैकी (पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे मोठे बिअरचे माप) सुमारे नऊ पबसारख्या ठिकाणी प्यायले जात. २०१० च्या दशकाच्या मध्यास निम्म्याहून अधिक बिअर दुकानांतून घरी जाऊ लागली. सुपरमार्केटांना मद्यविक्रीचे परवाने, शीतकपाट, दूरचित्रवाणी, डब्यातील लागर (फिकट, थंड प्यायची बिअर) आणि चढती घरभाडी ही या बदलामागची कारणे. मालकीचे प्रश्न व कर यांनी घाव खोल केला, पण घट त्यांच्या आधीपासून चालू होती. खाणी व गिरण्या बंद पडल्या तेथे पाळी सुटल्यावर पबमध्ये शिरणारा माणूसच उरला नाही. लंडनमध्ये तर चांगला चाललेला पबही घरबांधणीसाठी विकणे अधिक किफायतशीर ठरले.

मद्यपानाच्या सवयी : बिअरचा एकूण खप १९७९ च्या सुमारास शिखरावर होता. त्यानंतर लागरने एलला मागे टाकले आणि घराघरांत वाइन आली. दरडोई मद्यार्कसेवन मात्र वाढत जाऊन २००४ च्या सुमारास कमाल पातळीला पोहोचले व पुढे उतरू लागले. आरोग्य-पाहणीच्या आधारे केलेल्या अभ्यासानुसार इंग्लंडमधील १६ ते २४ वयोगटात मद्य न घेणाऱ्यांचे प्रमाण २००५ मध्ये १८ टक्के होते, ते २०१५ मध्ये २९ टक्के झाले. स्कॉटलंडने मे २०१८ पासून मद्याच्या प्रत्येक एककास (१० मिलीलिटर शुद्ध मद्यार्क) किमान ५० पेन्स दर ठरवला व सप्टेंबर २०२४ मध्ये तो ६५ पेन्स केला. हा उपाय प्रामुख्याने दुकानांतील स्वस्त दारूवर बसतो, पबच्या पाइंटवर नाही. स्त्रियांचा वावरही याच काळात वाढला. लंडनच्या एका वाइन बारमध्ये काउंटरपाशी स्त्रियांना पेय न देण्याची प्रथा अपील न्यायालयाने १९८२ मध्ये बेकायदा ठरवली.

पारंपरिक एलच्या रक्षणासाठी १९७१ मध्ये चार तरुणांनी ‘काम्रा’ (कॅम्पेन फॉर रिअल एल) ही चळवळ सुरू केली. पिंपातच दुसरे किण्वन पूर्ण होणारी आणि बाहेरून वायू न भरलेली ती ‘रिअल एल’, अशी तिची व्याख्या. अशी एल जिवंत असते. पिंप उघडल्यावर तीन-चार दिवसांत संपली नाही तर आंबट होते. म्हणून गिऱ्हाइकांची वर्दळ कमी झालेल्या पबला ती परवडत नाही. एल आणि पब यांचे भवितव्य एकमेकांत गुंतले आहे ते या साध्या कारणाने.

संरक्षण व नवी रूपे : २०११ च्या कायद्याने गावकऱ्यांना पब ‘सामुदायिक मूल्याची मालमत्ता’ म्हणून नोंदवता येतो आणि तो विकायला निघाल्यास बोली लावण्यासाठी मुदत मिळते. २०१७ पासून इंग्लंडमध्ये पबचे दुकान करण्यास नियोजन-परवानगी लागते. त्यापूर्वी ती लागत नव्हती, आणि त्या पळवाटेतून किती पब गेले असतील याची हळहळ वाटते. केंटमधील हर्न येथे २००५ मध्ये खाटकाच्या एका जुन्या दुकानात सुरू झालेला ‘बुचर्स आर्म्स’ हा सूक्ष्म-पबांचा, म्हणजे अगदी छोट्या जागेतील पबांचा, आद्य नमुना. लंडनमधील ‘ईगल’पासून (१९९१) गॅस्ट्रोपबची, म्हणजे उत्तम जेवणावर भर देणाऱ्या पबांची, लाट आली.

वेस्ट मिडलंड्समधील ‘देशी पब’ हा या इतिहासातील विशेष अध्याय. १९६० च्या दशकात स्मेदिक येथील अनेक पबांत भारतीयांना काही खोल्यांत बसू देत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनने त्याविरुद्ध लढा दिला, अमेरिकी कृष्णवर्णीय नेता मॅल्कम एक्स फेब्रुवारी १९६५ मध्ये तेथे येऊन गेला आणि त्याच वर्षीच्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा असा भेदभाव बेकायदा ठरवला. पुढे याच भागातील डबघाईला आलेले पब पंजाबी कुटुंबांनी चालवायला घेतले. काउंटरवरचा हातपंप तसाच राहिला, मागे तंदूर पेटला. पश्चिम लंडनमधील साउथॉलच्या ‘ग्लासी जंक्शन’मध्ये तर रुपये देऊनही पाइंट मिळे. हा पब २०१२ मध्ये बंद झाला.