क्यूआर कोडयुक्त पाठ्यपुस्तके

धड्यालगत छापलेला चौकोनी संकेत मोबाइलने टिपला की त्या घटकाची चित्रफीत, ध्वनिफीत, सरावप्रश्न किंवा जादा वाचन उघडावे, अशी सोय असलेली छापील पाठ्यपुस्तके. पुस्तक कागदाचेच राहते. न छापता येणारा भाग तेवढा पडद्यावर जातो. म्हणूनच प्रत्येक मुलाच्या हाती टॅब देणे न परवडणाऱ्या शाळांत हा मार्ग लवकर रुळला.

क्यूआर कोड 1994 मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या (ता. माढा) जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी तो पाठ्यपुस्तकांत वापरला आणि पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. डिसले यांना 2020 मध्ये 10 लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. केंद्र शासनाचा शालेय डिजिटल साहित्याचा ‘दीक्षा’ हा मंच 5 सप्टेंबर 2017 रोजी सुरू झाला. दीक्षाच्या कोडखाली सहा अक्षर-अंकांचा संकेत छापलेला असतो. कॅमेरा बिघडला किंवा कोडवर शाई सांडली, तर हा संकेत ॲपमध्ये टंकून तोच धडा उघडता येतो. पुष्कळ पालकांना हे ठाऊकच नसते.

कोडमध्ये चित्रफीत नसते, फक्त तिचा पत्ता असतो. तो थेट फाइलचा असेल, तर फाइल हलवल्याबरोबर छापलेल्या सगळ्या प्रती मुक्या होतात. त्याऐवजी संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा एक छोटा, कायमचा पत्ता छापावा आणि तो कोणत्या फाइलकडे न्यायचा ते संकेतस्थळाच्या आतल्या यादीत बदलत राहावे. पुस्तक अनेक वर्षे हातोहात फिरते, म्हणून हाच मार्ग बरा. फुकट लिंक आखूड करून देणाऱ्या सेवेवर विसंबू नये. ती बंद पडली की दुरुस्ती आपल्या हाती राहत नाही.

पत्ता आखूड असावा, याला छपाईचेही कारण आहे. चूक-दुरुस्तीच्या (कोडचा काही भाग खराब झाला तरी तो वाचता येण्याच्या सोयीच्या) एम पातळीवर 42 अक्षरांपर्यंतचा पत्ता 29×29 घरांत, म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत, मावतो; 200 अक्षरांचा झाला की 57×57 घरे लागतात. 2 सेंमी रुंदीच्या कोडात पहिल्याचे घर सुमारे 0.7 मिमी, तर दुसऱ्याचे 0.35 मिमी. पातळ कागदावर शाई जरा पसरली की दुसरा संपला. फाइलला मराठी नाव दिले तर पत्ता आणखी फुगतो: ‘पाठ’ या शब्दातील प, काना आणि ठ यांची पत्त्यात प्रत्येकी 9, म्हणजे एकूण 27 अक्षरे होतात. फाइलला क्रमांक द्यावा, नाव पडद्यावर मराठीत दाखवावे.

चूक-दुरुस्तीच्या चार पातळ्या आहेत: एल, एम, क्यू, एच, त्या अनुक्रमे सुमारे 7, 15, 25 आणि 30 टक्के नुकसान भरून काढतात. मात्र ही भरपाई आतल्या माहितीपुरतीच. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन ही कॅमेऱ्याची खूण. त्यांपैकी एकावर घडी पडली, तर बाकीचा कोड शाबूत असूनही बहुधा वाचला जात नाही. चारही बाजूंना चार घरांइतकी कोरी जागा लागते आणि सजावटीची चौकट नेमकी तीच खाते. कोड शिवणीजवळ छापला, तर पान वळते आणि घरे तिरकी दिसतात. लॅमिनेशन केलेल्या तक्त्यावर ट्यूबलाइटची चकाकी आड येते. अशा वेळी मोबाइल जरा तिरपा धरावा. भिंतीवरच्या कोडसाठी ठोकताळा असा की वाचनाचे अंतर रुंदीच्या दहापटीपर्यंत असावे: 2 मीटरवरून वाचायचा कोड 20 सेंमीचा.

वर्गातली खरी अडचण मात्र रेंजची. सेकंदाला 500 किलोबिट दराची पाच मिनिटांची चित्रफीत सुमारे 19 मेगाबाइटची असते. 40 मुलांनी एकदम उघडली तर 750 मेगाबाइट. म्हणून आदल्या दिवशी एकाच मोबाइलवर ती उतरवून घेऊन प्रोजेक्टरवर दाखवणे सोपे पडते. दीक्षाच्या ॲपमध्ये साहित्य उतरवून ठेवण्याची सोय आहे. ‘कोलिब्री’सारखी शैक्षणिक साहित्याची मुक्त प्रणाली शाळेतल्याच संगणकावर चालते आणि तिला रोज इंटरनेट लागत नाही. तिथे कोडमध्ये त्या संगणकाचा स्थानिक पत्ता घालावा आणि तो राउटरमध्ये पक्का करून ठेवावा. नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि भिंतीवरचे सगळे कोड निकामी होतात. हे कोड मूल घरी टिपेल तेव्हा काहीच उघडणार नाही, हेही पालकांना आधी सांगितलेले बरे.

छपाईला देण्यापूर्वी खऱ्याच कागदावर, खऱ्याच आकारात नमुना काढून तो दोन-तीन वेगवेगळ्या मोबाइलवर तपासावा. त्यात एक जुना, स्वस्त असावा. पडद्यावर उघडलेल्या पीडीएफवरून केलेली चाचणी धरू नये. प्रत्येक कोड योग्य धड्यावरच जातो ना, हेही या वेळी पाहून घ्यावे, कारण पानांची मांडणी बदलताना कोडांची अदलाबदल सहज होते. किती वेळा कोड टिपला गेला, ही आकडेवारी मंचावर मिळते. तिच्यावरून कोणता कोड उघडतच नाही हे कळते. मुलांना काय समजले, हे मात्र त्या आकड्यांतून कळत नाही. अहवालांत ही गल्लत नेहमी दिसते.