मावशीचा मुका मोबाईल

मे महिन्यात दुपारी दोन वाजता जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर तालुक्यात कोणी कोणाच्या घरी जात नाही. मी गेलो, कारण मावशीने तीनदा फोन करून एकच वाक्य ऐकवलं होतं, "हाऊ नवा मोबाईल मुकाच शे रे!" मुलाने आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घेऊन दिलेला, चांगला पंधरा हजारांचा फोन. पण दुपारी कीर्तन लावून आडवं व्हावं, तर आवाज खाटेच्या पलीकडे जात नाही. आधीचा बटणांचा फोन हजार-बाराशेचा होता, आणि तो "कितला जोरमा वाजे!"

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, म्हणून घरच्यांच्या लेखी मिक्सरपासून मोबाईलपर्यंत सगळं मला दुरुस्त करता येतं. येत नाही. पण ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की पहिल्या चार गोष्टी आता हात आपोआप तपासतो. फोनमध्ये रिंगचा, कॉलचा, गाण्यांचा आणि अलार्मचा असे आवाज वेगवेगळे असतात, आणि बाजूचं बटण बहुधा त्या क्षणी जे चालू असेल त्याचाच आवाज वाढवतं. कॉलचा आवाज वाढवायचा तर कॉल चालू असतानाच बटण दाबावं. ब्लूटूथ बंद आहे ना, तेही बघावं. एका घरी सगळे 'आवाज गेला' म्हणून हळहळत होते आणि भजन अंगणातल्या ट्रॅक्टरच्या स्पीकरवर चालू होतं. सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या कानाचा तोल एका बाजूला सरकलेला असला, तरी अर्धा आवाज गायब होतो. मावशीच्या फोनमध्ये हे सगळं जागच्या जागी होतं.

मग कव्हर काढलं. बाजारात 'या मॉडेललाही चालतं' म्हणून दिलेलं रबरी कव्हर. त्याची खालची खाच स्पीकरच्या भोकांपासून ज्वारीच्या दाण्याएवढी सरकलेली. वर स्क्रीन गार्डची काच कानाच्या फटीवर आलेली. आजकाल बऱ्याच फोनमध्ये कानाला लावायचा वरचा स्पीकरही खालच्याच्या जोडीने वाजतो, त्यामुळे ती फट बुजली की नुसते कॉलच बारीक होत नाहीत, गाणीही अर्धी होतात. भरीत भर म्हणजे कारखान्यातून आलेली पारदर्शक पट्टीही कडेने तशीच होती. नवी वस्तू जपायची म्हणून ती कोणी काढलीच नव्हती! तीनही काढल्यावर फरक चांगलाच पडला. मावशीने कान देऊन ऐकलं आणि निकाल दिला, "पहिलाना इतला नही."

आणि तिचं बरोबर होतं.

स्पीकर म्हणजे शेवटी हवा ढकलणारं यंत्र. चुंबकाच्या क्षेत्रात तांब्याची बारीक गुंडाळी, तिला चिकटलेला पडदा, गुंडाळीतून वीज मागेपुढे वाहिली की पडदा मागेपुढे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 मध्ये ही रचना मांडली, आणि यात्रेतल्या डीजेच्या स्पीकरपासून मोबाईलपर्यंत सगळे अजून बहुतांशी त्याच वाटेने चालले आहेत. फरक जागेचा. मोबाईलमधला पडदा नखाएवढा, आणि त्याला हलायला मिळणारी जागा एका मिलिमीटरहूनही कमी.

आता यातली खरी मेख. आवाज जितका खालच्या पट्टीचा, तितकी जास्त हवा हलवावी लागते, आणि हा हिशेब वर्गाने वाढतो. कंपनसंख्या निम्मी केली, तर तेवढ्याच जोराच्या आवाजासाठी पडदा चौपट हलला पाहिजे. 1000 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 1000 कंपनांचा, स्वर वाजवताना पडदा जेवढा हलतो, त्याच्या शंभरपट तो 100 हर्ट्झसाठी हलायला हवा. पखवाजाची धुम असते याच 100 च्या आसपास. नखाएवढ्या पडद्याने शंभरपट हलायचं कुठे? समोर जाळी, मागे बॅटरी. शिवाय पडद्यामागे कोंडलेली चिमूटभर हवा स्प्रिंगसारखी उलटा रेटा देते. फोन जितका सडपातळ, तितकी ती स्प्रिंग ताठ. म्हणून साधारण 500 ते 1000 हर्ट्झच्या खाली मोबाईलचा स्पीकर हळूहळू हात टेकतो.

तरी पुरुषाचा आवाज फोनवर पुरुषाचाच वाटतो, हे नवल आहे. बोलणाऱ्या पुरुषाचा मूळ स्वर बहुधा 85 ते 180 हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे तो स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही. येतात फक्त त्याच्या पटीतले वरचे स्वर, आणि त्यांच्यातल्या अंतरावरून मेंदू खालचा स्वर स्वतः भरून घेतो. कीर्तनकारबुवांचा खर्ज मावशीच्या खाटेवर नसतोच, तो तिच्या डोक्यात तयार होतो. भरणं चालू असलं, तरी जोर मात्र येत नाही.

मग जुना फोन का वाजायचा? त्याचा स्पीकर काही थोर नव्हता. त्याची ट्रिंग ट्रिंग दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास एकवटलेली होती, आणि आपला कान नेमका तिथेच सर्वांत तिखट आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. अशी नळी आपल्या लांबीच्या चौपट तरंगलांबीच्या आवाजाला घुमते: चौपट म्हणजे दहा सेंटिमीटर, आणि हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला 340 मीटर धरला तर उत्तर येतं 3400 हर्ट्झ. एका टोकाला बंद नळीचं गणित कानाला लावलं, एवढंच. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी 1933 मध्ये माणसांना वेगवेगळे स्वर ऐकवून आलेख काढले, त्यातही ही तिखट जागा स्पष्ट दिसते. जुन्या फोनने आपली सगळी ताकद तिथे खर्च केली. नवा फोन तीच ताकद गाण्याच्या पूर्ण पट्ट्यात वाटतो. ऐकायला तो कितीतरी गोड आहे, पण 'जोरमा' नाही.

माझ्या भाच्याने यावर आधीच उपाय केला होता. आवाज दुप्पट करणारं ॲप. अशी ॲप खोटीच असतात असं मी म्हणणार नाही, कारण कधीकधी मूळ रेकॉर्डिंगच बारीक असतं. मंडपात लांबून मोबाईलवर टिपलेलं कीर्तन हे त्याचं नेहमीचं उदाहरण. यूट्यूब फार कर्कश व्हिडिओ स्वतःहून खाली आणतं, पण बारीक आवाजाचे बहुधा वर नेत नाही. तिथे ॲप थोडं उचलून धरतं. पण ज्या गाण्याचा आवाज आधीच शिगोशीग भरलेला आहे, त्यात आणखी ओतलं की लाटांचे माथे छाटले जातात. फोनमध्ये आवाज आकड्यांत साठवलेला असतो, आणि 16 बिटांच्या आवाजात 32767 हा सगळ्यात मोठा आकडा, त्याच्या वर जागाच नसते. छाटलेली लाट फाटलेल्या आवाजासारखी ऐकू येते आणि गुंडाळी मात्र जास्त तापवते.

'दुप्पट' या शब्दातही एक फसगत आहे. स्पीकरला दुप्पट वीज दिली तर आवाज वाढतो 3 डेसिबल, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतकाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वीज लागते दहापट. एका वॉटच्या आसपास चालणाऱ्या स्पीकरला दहा वॉट द्यायचे, तर त्यातला शंभरातला एखादा भागही आवाज होत नाही, बाकी सगळी उष्णता. म्हणून अनेक नव्या फोनमध्ये स्पीकरवर पहारा बसवलेला असतो. ध्वनिवर्धक चिप गुंडाळीतला विद्युतप्रवाह सतत मोजते आणि त्यावरून तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, काढते. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्क्याने वाढतो. 25 अंशांना 8 ओहमची असलेली गुंडाळी 100 अंशांना सव्वादहा ओहमच्या पुढे जाते. म्हणजे गुंडाळी स्वतःच थर्मामीटर झाली. रोध वाढला की चिप जोर कमी करते. पडदा किती हलतोय याचाही ती अंदाज बांधते आणि जाळीवर आपटायच्या आत आवरते. काही फोन बॅटरी अगदी तळाला गेली की आवाजाचा हात आखडता घेतात.

यात आपल्या उन्हाळ्याची भर. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. मोटारसायकलच्या टाकीवरच्या पाकिटात, वर नकाशा चालू, अशा फोनची गुंडाळी सुरुवातच वरच्या पायरीवरून करते, त्यामुळे पहारेकरी लवकर जागा होतो. फोन बिघडलेला नसतो. सावलीत निवला की पुन्हा बोलू लागतो.

हे सगळं मी मावशीला सांगत होतो, म्हणजे जवळजवळ ओरडत होतो, आणि तेवढ्यात लाईट गेली. कूलर थांबला. खिडकीतल्या पत्र्याच्या डब्याची ती घरघर बंद झाली आणि खाटेवरच्या फोनमधून कीर्तन असं काही घरभर झालं की मावशीच म्हणाली, "कमी कर रे!"

एक आवाज दुसऱ्याला झाकतो. कूलरचा पंखा आणि पाण्याची सळसळ हा सगळ्या पट्ट्यांत पसरलेला गोंगाट, जोरात साध्या बोलण्याच्या जवळपास जाणारा. आणि कूलर उशाशी, फोन पायाशी. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने घटतो, चौपट झालं की 12 ने. उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपायला जाणाऱ्यांना हे ठाऊक असतं: स्वयंपाकघरात कानठळ्या बसवणारा फोन वर चांदण्यात चिलटासारखा वाजतो, कारण आवाज परत आणून द्यायला भिंतच नसते. गोधडीवर उपडा ठेवलेला फोन तर स्वतःचं तोंड उशीत खुपसून बोलणाऱ्या माणसासारखा.

उलटं करायचं तर भिंतीला कामाला लावावं. आवाजाची बाजू भिंतीकडे करून फोन टेकवला तर 3 ते 6 डेसिबल फुकटात मिळू शकतात. दोन भिंती मिळतात तो कोपरा आणखी चांगला. स्टीलच्या पेल्यात ठेवला तर पेला काही स्वर घुमवतो आणि सगळा आवाज एका दिशेला पाठवतो, मात्र बुवा विहिरीत उभे राहून बोलताहेत असं वाटतं. मावशीच्या जुन्या घरात याहून चांगली सोय आहे. जाड मातीच्या भिंतीतला कोनाडा. पूर्वी त्यात रॉकेलची चिमणी असायची, तिची काजळी अजून वर दिसते. फोन त्यात उभा केला, कूलर खिडकीच्या दुसऱ्या टोकाला सरकवला, आणि लाईट आल्यावरही कीर्तन खाटेपर्यंत नीट पोचलं.

एक गोष्ट मी तिला जरा जपून विचारली. "आवाज येत नाही, की शब्द कळत नाहीत?" साठीनंतर कानाचे वरचे स्वर आधी उतरतात. स, श, फ, ख, ठ यांची धार त्या वरच्या भागात असते. मग बोलणं ऐकू येतं पण 'साठ' आणि 'आठ' सारखेच वाटतात, आणि दोष फोनला जातो. घरातल्या इतरांना तोच फोन त्याच जागेवरून नीट ऐकू येत असेल, तर मोबाईलच्या दुकानाआधी कानाच्या डॉक्टरांकडे जाणं स्वस्त पडतं. मावशीने उत्तर दिलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं.

नव्या फोनला साफसफाई कशाला लागते, असं वाटेल. पण कापूस वेचणीच्या दिवसांत शर्टाच्या वरच्या खिशात राहिलेल्या फोनची जाळी महिन्याभरात तंतूंनी भरलेली मी पाहिली आहे. जाळीमागे पाणी अडवणारा बारीक पडदाही असू शकतो, त्यावर धूळ बसली की आवाज घुसमटतो. कोरडा, मऊ ब्रश, फोन तोंड खाली धरून हळूच फिरवायचा. सुई नको. खालच्या भोकांपैकी एक मायक्रोफोनचं असतं आणि सुई त्यातून आरपार गेली की समोरच्याला आपला आवाज जाणं बंद होतं. पंक्चरवाल्याकडची हवाही नको, ती पडद्याला फाडू शकते. वेल्डिंग-ग्राइंडरच्या दुकानात काम करणाऱ्यांची अडचण वेगळीच आहे: स्पीकरमधलं चुंबक बारीक असलं तरी जोरकस, ते लोखंडी कीस ओढून घेतं आणि तो जाळीत केसासारखा उभा राहतो. तो ब्रशने निघत नाही. चिकटपट्टीचा चिकट भाग जाळीवर हलकेच दाबून उचलला की बराचसा निघतो.

आणि खरोखरच बिघाड असेल तर? तोच व्हिडिओ, तीच जागा, तसाच दुसरा फोन, दोन्हींचा आवाज पूर्ण. मग बोटाने आळीपाळीने खालची भोकं आणि वरची फट झाकून बघायची. स्पीकर दोन असलेल्या फोनमध्ये एक फट झाकूनही काहीच फरक पडत नसेल, तर तिथून आवाज येतच नाही. खरखर असेल, किंवा आवाज मध्येच जातो आणि येतो असं असेल, तर वॉरंटी आहे तोवर फोन न उघडता बिलासकट दुकानात न्यावा. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने एकदा खोलला की पुढचे वाद आपले. हे मी अनुभवाने सांगतोय, पण ती गोष्ट लांबलचक आहे.

राहिला प्रश्न रिंगचा. फोनमध्ये आलेली रिंगटोन पियानोची, मंद, शहरातल्या ऑफिसात शोभेल अशी. मावशी असते मागच्या गोठ्यात. मी शोधून एक जुनी, कर्कश, लोखंडी घंटीसारखी ट्रिंग ट्रिंग टाकली, तीन हजार हर्ट्झच्या आसपासची. आता तिचा फोन वाजला की समोरच्या ओट्यावरून हाक येते, "ए माय, तुना फोन वाजी राहिना!"