बुद्धिबळात पहिल्या २० चाली पाठ केल्या की ओपनिंग (डावाची सुरुवात) पक्की होते का?

म्हापसा-फोंड्याकडच्या, बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे एक सल्ला फिरतो: स्पर्धेतल्या गाजलेल्या डावाच्या पहिल्या २० चाली पाठ करा, ओपनिंग पक्की होईल. पाठांतराचा थोडा उपयोग होतो, म्हणून तो खरा वाटतो. पण पाठ केलेली ओळ, म्हणजे चालींचा क्रम, समोरचाही तशीच खेळला तरच कामी येते. तो तसा क्वचितच खेळतो.

हा डाव पटावर मांडा (अक्षर-अंक म्हणजे पटावरचे घर; प्रत्येक जोडीत आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची): ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, घोडा जी५ डी५, ई प्यादे डी५ वर मारते. आता काळ्याने घोड्याने ते प्यादे परत घेणे अगदी स्वाभाविक दिसते. पण मग पांढरा घोडा एफ७ मारून वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम चालून जातो. काळ्या राजाने तो घेतला की पांढरा वजीर एफ३ वरून शह देतो, शिवाय डी५ वरच्या घोड्यावर जोर येतो. तो घोडा वाचवायला राजाला ई६ वर, पटाच्या मध्यात यावे लागते. म्हणून काळा बहुधा घोडा ए५ खेळून उंटावर हल्ला करतो. हे कारण कळले, तर नवी चालही पटावर सुचते.

कारण कळले की नुसते पाठ झाले, याची पडताळणी सोपी आहे. कोणत्याही डावाची पुढची चाल कागदाने झाका, स्वतःची चाल आणि तिचे कारण एका वाक्यात लिहा, मगच कागद सरकवा. इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणक प्रोग्राम, अगदी शेवटी. आधी लावले तर उत्तर मिळते, विचार होत नाही. मग मुलाच्या स्वतःच्या १० स्कोअरशीट (डावातल्या चाली लिहिलेले कागद) काढा आणि पाठ ओळ कोणत्या चालीला सुटली तिथे खूण करा.