सायकलीची साईज: चोवीस इंच, पण कशाचे?

फ्रेम आपल्या मापाची आहे का, ही चौकशी हल्ली दुकानात ‘उंची किती?’ इथे सुरू होते आणि ‘मग मीडियम घ्या’ इथे संपते. ‘साईज’ म्हणजे नेमकं कशाचं माप, हे यात कोणी विचारत नाही. या शब्दाचे अर्थ आजवर इतक्यांदा बदलले आहेत की एकाच दुकानात एकाच वेळी तीन अर्थ नांदतात.

आपल्याकडच्या काळ्या सायकलींपासून सुरुवात केलेली बरी. त्या दोन मापांत ओळखल्या जायच्या: बावीस इंची आणि चोवीस इंची. हे इंच चाकाचे नव्हते. चाक दोन्हींना एकच, २८ बाय दीड. बावीस-चोवीस हे सीटखालच्या उभ्या नळीचं माप, पायडलच्या आसापासून नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं. म्हणजे साधारण ५६ आणि ६१ सेंटिमीटर. ही इंग्रजी पद्धत आयात सायकलींबरोबर आली आणि देशी कारखाने उभे राहिल्यावरही टिकली. लेडीज सायकलला तर वरचा आडवा दांडाच नसे, तरी तिचं मापही याच उभ्या नळीवर घेत.

घरात सायकल एक आणि चालवणारे चार. साहजिकच ती घेतली जायची थोरल्याच्या मापाने, आणि पुष्कळदा त्याच्याही मापाहून मोठी. चोवीस इंची म्हणजे दणकट, मागे पोतं आणि पुढे दांड्यावर पोर घेऊन जाईल, असा हिशोब. धाकट्यांनी दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकायचं. पाच फूट पाच इंचांचा माणूस चोवीस इंचीच्या सीटवरून पुढे उतरून दोन्ही टाचा जमिनीला टेकवू शकत नाही. तो सायकल कलती करतो, नाहीतर उतरायला फुटपाथ शोधतो. पण ‘साईज चुकली’ असं त्याला कोणी म्हटलं नाही. सायकल मोठी आहे, एवढंच.

आता हाच आकडा मुलांच्या सायकलींच्या रांगेत पाहा. १२, १४, १६, २०, २४: इथे इंच आहेत चाकाचे. म्हणजे आजोबांची चोवीस इंची ही घरातली सगळ्यांत उंच सायकल, तर नातीची चोवीस इंची ही दहा-अकरा वर्षांच्या मुलीची. दोघं एकाच काउंटरवर उभे राहून ‘चोवीसची दाखवा’ म्हणाले, तर दोघांना वेगळी वस्तू हवी असते. दुकानदार समोरचं वय बघून ओळखतो म्हणून निभावतं.

माउंटन बाइक आल्यावर गुंता आणखी वाढला. २६, साडेसत्तावीस आणि २९ हीसुद्धा चाकं. फ्रेमची मापं त्यांत वेगळी, १५, १७, १९ अशी. पण गिऱ्हाइकाच्या तोंडी राहिला चाकाचाच आकडा, आणि ‘माझी उंची जास्त, मला २९ द्या’ हे वाक्य रूढ झालं. २९ च्या चाकावर लहान फ्रेम मिळते आणि साडेसत्तावीसवर मोठीही. चाकाचा आकडाही सरळ नाही: जुन्या २८ बाय दीडच्या रिमवर टायर बसतो त्या जागी व्यास ६३५ मिलिमीटर, तर २९ च्या रिमचा ६२२. म्हणजे २९ ची रिम २८ च्या रिमपेक्षा लहान! फरक भरून निघतो तो जाडजूड टायरने.

चाकावरून माणसाचं माप ठरवणं एके काळी बरोबरच होतं. उंच पुढच्या चाकाच्या सायकलीत पायडल थेट चाकालाच असे, म्हणून पाय जेवढे लांब तेवढं चाक मोठं. १८८५ च्या सुमारास साखळीवर चालणारी, दोन्ही चाकं जवळपास सारखी असलेली सायकल आली, तेव्हा चाक आणि पाय यांची ही जोडी तुटली आणि साईज उभ्या नळीकडे गेली.

दांडा जमिनीला समांतर होता तोवर उभ्या नळीचा आकडा खरोखर उपयोगी होता, कारण उंची वाढली की लांबीही त्या प्रमाणात वाढे. १९८० च्या दशकात शर्यतवाल्यांमध्ये एक सूत्र पसरलं: अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंत पाय मोजा आणि ०.६५ ने गुणा. पाय ८० सेंटिमीटर असेल तर फ्रेम ५२ ची. मात्र हे माप उभ्या नळीला दांडा जोडलेला असतो त्या जोडाच्या मध्यापर्यंतचं. काही कारखाने टोकापर्यंत मोजत, त्यामुळे तीच फ्रेम एकाकडे ५४ तर दुसऱ्याकडे ५५-५६ भरे.

मग १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका तैवानी कंपनीने रेसिंग सायकलचा दांडा मागे उतरता केला आणि दहा-बारा मापांच्या जागी स्मॉल, मीडियम, लार्ज अशी तीनच ठेवली. बाकीचं सीटपोस्ट (सीटखालचा सरकता दांडू) वर-खाली करून आणि स्टेम (हँडल धरून ठेवणारा पुढचा तुकडा) बदलून जुळवायचं. फ्रेम हलकी आणि ताठ होते, हा मुद्दा खरा. पण तीन मापांनी गोदाम सुटसुटीत होतं, हेही खरं, आणि ते जरा हळू आवाजात सांगितलं गेलं. १७० सेंटिमीटरच्या दोन माणसांत एकाचा पाय ७६ आणि दुसऱ्याचा ८२ असू शकतो. तक्त्यात दोघेही मीडियम. सीट दोघांचीही बसते, अडतं ते हँडलशी. लांब पायवाल्याची सीट इतकी वर जाते की हँडल खाली राहतं आणि तासाभरात मान धरते.

यावर तोडगा म्हणून २००० नंतर ‘स्टॅक’ आणि ‘रीच’ ही मापं पुढे आली. पायडलच्या आसापासून हँडलखालच्या नळीचं तोंड किती वर ते स्टॅक, किती पुढे ते रीच. दांडा कसाही उतरता असो, यांना फरक पडत नाही. महागड्या सायकलींच्या तक्त्यात हे आकडे असतात. स्वस्तातल्या बऱ्याच सायकलींवर अजूनही चाकाचे इंच आणि फार तर एक इंग्रजी अक्षर. तिथे जुने मेकॅनिक आपली रीत वापरतात: बोटांची टोकं पायडलच्या आसाला लावून सीट काखेत येते का ते पाहतात, मग कोपर सीटच्या टोकाला टेकवून बोटं हँडलपर्यंत पोचतात का ते.